पायांना विचारा, मगच पुढे चला

आषाढ लागला की माझ्या दवाखान्यात एक वेगळ्या प्रकारचा पेशंट येऊ लागतो. त्याला काहीही झालेले नसते. वय वीस-बावीस, चेहऱ्यावर उत्साह आणि हातात एक छापील कागद. रांगेत बसलेल्या तापाच्या, खोकल्याच्या पेशंटांना ओलांडून तो दारातूनच म्हणतो, "डॉक्टर, एवढी सही पाहिजे. पन्हाळा ते पावनखिंड चाललोय."

कागदावर लिहिलेले असते की, सदर व्यक्ती पदभ्रमंतीसाठी शारीरिकदृष्ट्या सक्षम आहे. मी त्याला बसवतो, नाडी बघतो, रक्तदाब मोजतो, छातीला नळी लावतो. दमा आहे का, फिट येतात का, कसले औषध चालू आहे का, हे विचारतो. बहुतेक वेळा सगळे ठीक असते. तो शिक्क्याची वाट बघत असतो आणि मी म्हणतो, "आता चप्पल काढ. पाय दाखव."

तो गोंधळतो. "पायाला काही झालेलं नाही डॉक्टर." मी म्हणतो, "म्हणूनच बघायचेत. दोन दिवस तू ज्याच्यावर चालणार, त्याची तपासणी कागदावर कुठेच नाही."

वाचकहो, ही सवय मला पुस्तकाने लावलेली नाही. एका चिखलाच्या दिवसाने आणि माझ्याच एका चुकीने लावलेली आहे. आज ती सांगायची ठरवली आहे, कारण पुढच्या काही दिवसांत आपल्या भागातील शेकडो मुले-मुली त्या वाटेला लागतील.

वाट कशी आहे

ज्यांनी ही वाट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पन्हाळगडावरून उतरायचे, मसाई पठार ओलांडायचे, मग एकामागून एक वाड्या, भाताची खाचरे, ओढे आणि रान पार करत पांढरपाण्याकडून पावनखिंडीत पोहोचायचे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. बहुतेक गट ते दोन दिवसांत चालतात, आणि चालतात ते मुद्दाम जुलै महिन्यात. 1660 सालच्या जुलैमध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज याच मुलखातून रात्रीच्या पावसात विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या मावळ्यांनी घोडखिंड रोखून धरली. त्या दिवसांची आठवण म्हणून ही पदयात्रा त्याच दिवसांत करायची, असा रिवाज पडला आहे. रिवाज चांगलाच आहे. पुस्तकात चार ओळींत संपणारा इतिहास पायाखाली आल्यावर केवढा होतो, हे तिथे कळते.

पण जुलै म्हणजे त्या भागात धो धो पाऊस. पठारावर जांभा दगड आणि त्यावर शेवाळ. खाली उतरले की तांबडा चिखल. भातलावणीचे दिवस, त्यामुळे खाचरे चिखलणी करून तयार असतात. बांधावरून पाय घसरला की पोटरीपर्यंत आत. बूट आतच राहतो आणि नुसता पाय वर येतो, हा अनुभव त्या वाटेवर ज्याला आला नाही तो विरळाच.

तो दिवस

2013 सालची गोष्ट. मी तेव्हा चाळिशी नुकतीच ओलांडली होती. एका गटाबरोबर डॉक्टर म्हणून गेलो होतो. पन्नास-साठ मुले होती. माझ्या पेटीत पॅरासिटामॉल, जुलाबाच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटे, मलम, बँडेज असे सगळे होते. पेटी चांगली होती. डॉक्टर मात्र कच्चा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

पहिल्या दिवशी मसाई पठारावर दाट धुके होते. दहा पावलांपुढचा माणूस दिसत नव्हता. दुपारपर्यंत सगळ्यांचे बूट आतून-बाहेरून भिजले. रात्री एका वाडीत मुक्काम केला. ज्यांना फोड आले होते ते माझ्याकडे आले, मी त्यांना पट्ट्या बांधल्या आणि झोपलो. जे आले नाहीत त्यांच्याकडे मी गेलो नाही. कित्येक मुले ओल्या मोज्यांसकटच झोपली होती. सकाळी पुन्हा ओले बूट घालायचा कंटाळा म्हणून काहींनी ते काढलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पावसाने उसंत दिली नाही. शिवाय वारा होता. एका तासाची वाट असे जे सांगितले होते तिला दोन-अडीच तास लागत होते. चिखल पाय धरून ठेवत होता. प्रत्येक पाऊल उपसून काढायचे आणि पुन्हा तिथेच रोवायचे. बारा-एकच्या सुमारास कॉलेजच्या पहिल्या वर्षातला एक मुलगा बांधावर बसला. अंगात जीन पँट, सुती बनियन आणि वर फाटलेला प्लॅस्टिकचा रेनकोट. म्हणाला, "सर, पाय जड झालेत. कळंनात मला."

"कळंनात." पाय दुखतात असे तो म्हणत नव्हता. पाय कळत नाहीत असे म्हणत होता. दुखणारा पाय आणि न कळणारा पाय यातला फरक पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यालाही ठाऊक असावा. मी काय केले? मी हसून म्हणालो, "अरे, बाजीप्रभूंच्या वाटेवर चाललायस आणि पायाची तक्रार करतोस?" भोवतालची मुले हसली. तोही हसला आणि उठला.

पुढचे दोन तास तो चालला. आधी गप्प झाला. मग दोनदा पडला. कोणीतरी काही विचारले तर जीभ जड झाल्यासारखे उत्तर देत होता. आम्हाला वाटले, दमला आहे. एका वाडीजवळ खाचरात रोप लावणाऱ्या बायका होत्या, डोक्यावर खोळ घेऊन वाकलेल्या. त्यातली एक वयस्क बाई कंबर सरळ करून त्याच्याकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "तुमीच डाक्टर न्हवं? ह्ये पोरगं मघा वरनं येताना कापत हुतं. आता कापायचंबी ऱ्हायलंय. त्वांड बघा की त्याचं."

मी तोंड बघितले. ओठ निळसर पडले होते.

त्या मावशींनी हातातले रोप तिथेच ठेवले आणि आम्हाला घरी नेले. त्याचे ओले कपडे काढले, अंग पुसले, त्यांच्या मुलाचे कोरडे कपडे घातले आणि घोंगड्यात गुंडाळले. माझा पाऱ्याचा थर्मामीटर काखेत धरला तर पारा तळाच्या रेघेवरून हललाच नाही. तो पूर्ण शुद्धीवर आहे, गिळू शकतो, याची खात्री करून गुळाचा गरम चहा घोट घोट दिला. बराच वेळाने तो पुन्हा कुडकुडू लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग बूट काढायला गेलो. बूट निघेना, नाडी कापावी लागली. मोज्याबरोबर टाचेची कातडी सोलून आली. पाय पांढरेफटक, सुजलेले, सुरकुतलेले. मी बोट दाबत होतो आणि त्याला समजत नव्हते.

संध्याकाळी जीप मिळाली आणि त्याला रुग्णालयात नेले. तो दोन दिवसांत बरा झाला. पाय भरायला तीन आठवडे लागले, आणि पुढचा सगळा हिवाळा त्याची बोटे थंडीत बधिर व्हायची व झोंबायची. पावनखिंड त्याने त्या वर्षी पाहिली नाही. नंतर ड्रेसिंगला आला असताना मी विचारले, "सकाळीच का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सर, सांगणार होतो. पण तुम्ही तसं म्हणल्यावर कसं सांगायचं?"

मी दिलेली औषधे मला आठवत नाहीत. हे वाक्य आठवते.

थंडीला बर्फ लागत नाही

त्याला झालेल्या गोष्टीला वैद्यकशास्त्रात हायपोथर्मिया म्हणतात, म्हणजे शरीर गारठणे. आपल्या शरीराचे आतले तापमान साधारण 37 अंश सेल्सियस असते. ते 35 च्या खाली गेले की हा प्रकार सुरू होतो. आपल्याकडे समज असा की, असे हिमालयात होते, आपल्या सह्याद्रीत कुठली आली थंडी! पण त्याला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा, थकवा आणि रिकामे पोट एवढे एकत्र आले की भर जुलैतही माणूस गारठतो. ओले कापड अंगातली उष्णता कोरड्या हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. त्यात जीन पँट आणि सुती कपडे सर्वांत वाईट, कारण ते पाणी धरून ठेवतात. घोंगडे भिजले तरी बरीच ऊब देते. आपल्या धनगरांना आणि शेतकऱ्यांना हे आपल्याआधी कळलेले आहे.

कुडकुडणे हा शरीराचा बचाव आहे. स्नायू हलवून शरीर उष्णता तयार करत असते. कुडकुडणे थांबले आणि माणूस अजून ओला व थंडच आहे, तर ते बरे वाटण्याचे लक्षण नव्हे, बचाव संपल्याचे आहे. अडखळणे, बरळणे, एकटे मागे राहणे आणि विचित्र वागणे ही धोक्याची चिन्हे. अशा माणसाला चालवू नये. आडोशाला न्यावे, ओले काढून कोरडे घालावे, छाती-पोटाला ऊब द्यावी. हातपाय जोरात चोळू नयेत. बधिर पाय चुलीच्या जाळावर धरू नयेत, भाजल्याचे त्याला कळत नाही. आणि ऊब यावी म्हणून दारू तर मुळीच देऊ नये. तिने कातडीला क्षणभर गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

पायांचे जे झाले त्याचीही जुनी कथा आहे. पहिल्या महायुद्धात, 1914 च्या हिवाळ्यात, फ्रान्समध्ये चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत सैनिक दिवसेंदिवस उभे होते. त्यांत आपल्या हिंदुस्थानी पलटणीही होत्या. हजारो सैनिकांचे पाय गोळी न लागता निकामी झाले. कित्येकांची बोटे कापावी लागली. या दुखण्याला 'ट्रेंच फूट' हे नावच पडले. सैन्याने त्यावर शोधलेला उपाय औषधाचा नव्हता. रोज बूट काढायचे, पाय कोरडे करायचे, तेल चोळायचे, कोरडे मोजे घालायचे, सैनिकांनी जोडी-जोडीने एकमेकांचे पाय तपासायचे, आणि तुकडीच्या पायांबद्दल जाब द्यायचा तो अधिकाऱ्याने. एवढ्याने ते दुखणे खूपच आटोक्यात आले.

मला यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची वाटते. सैनिकाने येऊन तक्रार करावी, मग बघू, असे तिथे ठेवले नाही. मी मात्र तसेच ठेवले होते.

"शेतकरी नाही का राहत चिखलात?"

हे बोललो की आयोजक मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "डॉक्टर, किती लाड करायचे पोरांचे? शेतकरी चार महिने चिखलात असतो, त्याला काही होत नाही."

त्याला होते, हे पहिले उत्तर. भातलावणीच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. त्या दाखवत नाहीत, मलाच विचारावे लागते. दुसरे उत्तर असे की, शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, दुपारी बांधावर बसून भाकरी खातो, दिवस मावळताना घरी येऊन पाय धुतो, चुलीपुढे बसतो, खोबरेल लावतो. ओल्या बुटात पाय कोंडून तो छत्तीस तास राहत नाही. चिखलापेक्षा तो कोंडलेला ओला बूट पायाला जास्त घातक असतो.

चिखलाचा आणखी एक धोका वाट संपल्यावर समोर येतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि कापलेल्या, सोललेल्या किंवा भिजून मऊ पडलेल्या कातडीतून शरीरात शिरतात. 2005 सालच्या मुंबईच्या महापुरानंतर या रोगाचे नाव आपण सर्वांनी ऐकले. ताप लगेच येत नाही. बहुतेक वेळा पाच ते चौदा दिवसांनी येतो, कधी महिन्यानेही. तोवर पदयात्रेचे फोटो बघून झालेले असतात आणि चिखल कोणाच्या लक्षात नसतो. जोराचा ताप, डोके दुखणे, पोटऱ्या दाबल्या तरी कळवळायला होणे, डोळे लाल होणे, अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना आपणहून सांगा की, मी चिखलात चाललो होतो. लवकर कळले तर साध्या प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. उशीर झाला तर कावीळ होते, मूत्रपिंडे बंद पडतात आणि जिवावर बेतते. प्रतिबंधक गोळी आहे, पण ती कोणी घ्यायची आणि कोणी नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. गर्भवतींना व लहान मुलांना ती चालत नाही. मित्राच्या पाकिटातली घेऊ नका.

काय करावे

माझे म्हणणे पदयात्रा बंद करा असे नाही. माझी स्वतःची मुलगी दोनदा जाऊन आली आहे. आयोजकांनी आणि पालकांनी पुढील साध्या गोष्टी कराव्यात, एवढेच माझे मागणे.

पहिली गोष्ट, दर दोन-अडीच तासांनी पायांसाठी थांबा घ्यावा. आडोशाला बसून सर्वांनी बूट-मोजे काढावेत, पाय पुसावेत, दहा मिनिटे हवा लागू द्यावी. जोडीदाराने जोडीदाराचे पाय बघावेत. लाल झालेल्या जागी फोड यायच्या आधीच चिकटपट्टी लावावी. आलेला फोड फोडू नये.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला एक कोरडा पोशाख आणि दोन जोड मोजे असावेत, आणि ते फक्त मुक्कामासाठी. सकाळी ओले मोजे पिळून पुन्हा घालावेत, कितीही नकोसे वाटले तरी. पण झोपताना पाय धुऊन, कोरडे करून, उघडेच ठेवावेत.

तिसरी गोष्ट, पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नये. भूक मारू नये. गूळ-शेंगदाणे खिशात ठेवून चालता चालता खावेत. ज्याचे पोट रिकामे तो लवकर गारठतो.

चौथी गोष्ट, धनुर्वाताची लस किती वर्षांपूर्वी घेतली ते निघण्याआधी पाहावे. दहा वर्षे उलटली असतील तर घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. त्यांच्या पायाला जखम झाली तरी कळत नाही, आणि बरी होता होत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे. निघण्याआधी गटप्रमुखाने सर्वांसमोर सांगावे की, ज्याला थांबायचे आहे त्याने थांबावे, त्याला कोणी हसणार नाही. कोणत्या वाडीतून गाडीरस्ता आहे, गाडी कुठे उभी असेल, हे आधी ठरलेले असावे. आणि डॉक्टरने तर विनोद अजिबात करू नये.

इतिहासाचे नाव घेऊन मुलांना पुढे ढकलणाऱ्यांना मला एवढेच विचारायचे आहे की, त्या रात्रीतून आपण काय शिकलो? ती रात्र नुसत्या ईर्षेची नव्हती. शरण येण्याची बोलणी लावून वेढा गाफील करणे, शिवा काशीदांची दुसरी पालखी, खिंडीत कोणी थांबायचे आणि पुढे कोणी जायचे याचा निर्णय, हे सगळे विचारपूर्वक केलेले होते. त्यांच्या मागे शत्रूची फौज होती आणि पुढे स्वराज्य होते. आपल्या मागे कोणी लागलेले नाही. पुढे असते ती परतीची एस.टी., आणि ती चुकली तर दुसरी मिळते. बाजीप्रभूंचे नाव एका पोराला गप्प करण्यासाठी मी वापरले, याची मला आजही लाज वाटते.

त्या मुलाने पुढच्या वर्षी वाट पूर्ण केली. निघण्याआधी सही घ्यायला माझ्याकडेच आला होता. मी काही बोलायच्या आत त्याने चप्पल काढून पाय पुढे केले.

तेव्हापासून मी त्या छापील कागदावर शिक्क्याच्या खाली हाताने दोन ओळी लिहितो. 'पाय तपासले. वाटेत पाय दुखतात किंवा कळत नाहीत असे म्हणाल्यास त्यास पुढे चालवू नये.' काही आयोजकांना ते आवडत नाही. एकाने फोन करून विचारले, "डॉक्टर, हे नियमात बसतं का?" मी म्हणालो, "तुमच्या नियमात नसेल. पायाच्या आहे."

या आठवड्यात तुमच्या घरातून कोणी त्या वाटेला निघत असेल, तर पिशवीत फरसाण भरण्याआधी दोन जोड मोजे भरा. आणि निरोप देताना 'पावनखिंड गाठूनच ये' असे म्हणू नका. 'जमेल तेवढं चाल, नाही जमलं तर सांग' असे म्हणा.